जनरेटरचे घर : कुठे बांधावे, कसे बांधावे

सार्वजनिक सभागृहाचा नकाशा तयार होतो तेव्हा व्यासपीठ, अभ्यासिका, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहे या सर्वांना जागा मिळते. नकाशावर सही होण्याच्या वेळी कोणीतरी विचारते, "आणि जनरेटर?" मग जिन्याखालची, मागच्या ओसरीची किंवा तळघरातील जी जागा उरली असेल ती त्याच्या वाट्याला येते. वर्षातून मोजके तास चालणाऱ्या यंत्रासाठी चांगली जागा कशाला अडवायची, असा त्यामागील हिशेब असतो. परंतु एक गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. हे यंत्र ज्या मोजक्या तासांत चालते, नेमक्या त्याच तासांत सभागृह माणसांनी भरलेले असते. रिकाम्या सभागृहासाठी कोणी जनरेटर लावीत नाही.

आमच्या मंडळाच्या नरडाणा येथील सभागृहासाठी आता मोठ्या क्षमतेचा जनरेटर घेण्याचा व त्यासाठी आवारात स्वतंत्र जागा बांधण्याचा विचार चालू आहे. त्या निमित्ताने हा विषय सभासदांपुढे सोप्या भाषेत मांडावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. गावोगावची मंडळे, शाळा, वसतिगृहे व मंगल कार्यालये यांनाही त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

जनरेटरची गरज आजही आहे काय?

हा प्रश्न काही सभासद विचारतात व तो रास्त आहे. नरडाणा हे काही आडवळणाचे गाव नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक येथे आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात पवनचक्क्या फिरतात व सूर्यप्रकाशापासून वीज तयार होते. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. तथापि वीज जवळ तयार होते म्हणून ती आपल्या घरात अखंड राहते असे नाही. ती तारांच्या मोठ्या जाळ्यातून येते आणि जाळ्यातील एखादा धागा तुटला की अंधार होतो.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. त्या काळात, २००६ साली, पुणे शहराने एक वेगळा मार्ग काढला. तेथील कारखान्यांनी टंचाईच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवून जाळ्यावरील आपला भार कमी केला आणि त्यातून वाचलेली वीज शहराला मिळाली. आज तशी टंचाई नाही. परंतु मे-जूनच्या वादळात खांब पडतात, फांद्या तारांवर येतात, डीपी जळते आणि दुरुस्तीस वेळ लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईसारख्या महानगराचा वीजपुरवठाही काही तास खंडित झाला होता. मुंबईत जे घडू शकते ते नरडाण्यात घडणार नाही, असे कोणी म्हणू नये.

विजेचा विषय आपल्या समाजाला परका नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता आणि देशाला स्वस्त व मुबलक वीज मिळावी यासाठी त्यांनी धोरणाची आखणी केली. वीज ही चैनीची वस्तू नसून उन्नतीचे साधन आहे, ही दृष्टी त्यामागे होती. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेतील दिवा विझू नये, यासाठी आपण जनरेटर घेतो तेव्हा आपण त्याच साधनाची काळजी वाहत असतो.

आधी भार मोजावा

जनरेटर केवढा घ्यावा, हे ठरल्याशिवाय त्याचे घर केवढे बांधावे हे ठरत नाही. दुकानदार विचारतो, "किती केव्हीए?" आणि आपण शेजारच्या गावात जेवढा आहे तेवढा सांगतो. असे न करता कागदावर हिशेब मांडावा.

एका मध्यम सभागृहाचे उदाहरण घेऊ. २० वॅटच्या वीस एलईडी ट्यूब म्हणजे ४०० वॅट. ७५ वॅटचे सोळा पंखे म्हणजे १,२०० वॅट. ध्वनिक्षेपकास ५०० वॅट, अभ्यासिकेतील चार संगणकांस सुमारे ६०० वॅट, एका फ्रिजला २०० वॅट. एकूण २,९०० वॅट, म्हणजे २.९ किलोवॅट. शिवाय पाण्याच्या बोअरवर ३ अश्वशक्तीची मोटार असेल तर ती चालताना सुमारे २.८ किलोवॅट घेते. सर्व मिळून ५.७ किलोवॅट झाले. केव्हीएमध्ये बदलण्यासाठी यास ०.८ ने भागावे. उत्तर सुमारे ७ केव्हीए येते.

मग ७.५ केव्हीएचा जनरेटर पुरेल काय? पुरणार नाही, कारण मोटार सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तेवढ्या धक्क्याने लहान जनरेटर दबतो, दिवे मंदावतात आणि संगणक बंद पडतात. उलट फार मोठा घेतला तर तो बहुतेक वेळ हलक्या भारावर चालतो. डिझेल इंजिन क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालवले तर आतील उष्णता पुरेशी होत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी साचते आणि धुराड्यातून काळा चिकट ओघळ येऊ लागतो. बैलाला अंगापेक्षा जड ओझे जसे बरे नव्हे, तसे इंजिनाला नुसते उभे राहून रवंथ करणेही बरे नव्हे.

वरील सभागृहास १५ केव्हीएचा, म्हणजे १२ किलोवॅटचा संच योग्य ठरतो. सर्व भार असताना तो निम्म्या क्षमतेने चालतो. केवळ दिवे-पंखे असताना मात्र भार पंचवीस टक्क्यांच्या आत जातो. म्हणून टाकी भरण्याचे काम जनरेटर चालू असतानाच उरकावे. मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवल्यास सुरुवातीचा धक्का सुमारे एक तृतीयांशावर येतो, हेही लक्षात ठेवावे.

घर कोणासाठी बांधायचे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जनरेटरचे घर हे जनरेटरला पाऊस लागू नये म्हणून बांधायचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. आमच्या मते ते घर तीन माणसांचा विचार करून बांधले पाहिजे. पहिला माणूस सभागृहात बसलेला. दुसरा कुंपणापलीकडे राहणारा. तिसरा विजेच्या खांबावर चढलेला. या तिघांपैकी कोणीही जनरेटर विकत घेतलेला नाही आणि त्याच्या जागेबद्दल त्यांना कोणी विचारत नाही. परंतु जागा चुकली तर तिची किंमत हेच तिघे मोजतात.

पहिला माणूस : सभागृहात बसलेला

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. हा वायू मात्र गुपचूप येतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी असते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तातील जागा तोच अडवतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते की गर्दीने जीव घाबरला. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही.

डिझेल इंजिनापेक्षा पेट्रोल व केरोसीनवर चालणाऱ्या लहान संचांतून हा वायू अधिक निघतो. दुर्दैवाने हेच लहान संच उचलून ओसरीत, दुकानात, खोलीत ठेवले जातात. खिडकी उघडी आहे एवढ्यावर विसंबू नये. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा असे संच दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर दूर ठेवण्यास सांगते. हे अंतर किमान समजावे.

मोठ्या संचाच्या धुराड्याच्या उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एक सोपे सूत्र आहे. केव्हीएच्या आकड्याचे वर्गमूळ काढावे, त्यास ०.२ ने गुणावे आणि येणारे मीटर ज्या इमारतीत संच बसवला आहे तिच्या उंचीत मिळवावेत. २५ केव्हीएचे वर्गमूळ ५, त्याला ०.२ ने गुणले की १ मीटर. १५ केव्हीएला ७७ सेंटीमीटर येतात. म्हणजे ३ मीटर उंचीच्या शेडमधील १५ केव्हीएच्या संचाचे धुराडे किमान ३.७७ मीटर हवे. परंतु शेजारीच ५ मीटर उंचीचे सभागृह असेल तर एवढ्याने भागवू नये. धूर सभागृहाच्या खिडक्यांच्या वर सुटला पाहिजे. आमच्या नियोजनात धुराडे ६ मीटरपर्यंत नेऊन ताणतारांनी बांधावे असे आम्ही सुचवत आहोत. नळी लांबली की तिचा व्यासही वाढवावा व वळणे कमीत कमी ठेवावीत. अन्यथा धूर कोंडून इंजिनावर उलट दाब येतो.

धुराड्याची दिशा वाऱ्यावरून ठरवावी, पंचांगावरून नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळा संपेपर्यंत वारा मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात तो पूर्व व ईशान्येकडून येतो. सभागृहाच्या ईशान्येस संच ठेवला तर वादळवाऱ्याच्या, म्हणजे वीज जाण्याच्या मुख्य हंगामात धूर सभागृहापासून दूर जातो. हिवाळ्यात वारा उलटतो तेव्हा धुराड्याची उंची कामास येते.

दुसरा माणूस : कुंपणापलीकडचा

मंडळाच्या कार्यक्रमाचा आनंद मंडळाला असतो. त्याच रात्री कुंपणापलीकडे कोणी आजारी असते, कोणाची उद्या परीक्षा असते, कोणी पाळी संपवून आलेला कामगार झोपलेला असतो. त्याच्या झोपेचा हिशेबही आकड्यांत मांडता येतो.

२००५ पासून बनवलेल्या १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचांना ध्वनिरोधक पेटी सक्तीची आहे. पेटीपासून १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये, असा तो नियम आहे. २०२३ च्या १ जुलैपासून नव्या संचांच्या धुराबाबतचे निकषही अधिक कडक झाले. याउलट २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी ५ डेसिबलने कमी असते.

पेटीजवळचे ७५ शेजाऱ्याच्या खिडकीपाशी ४५ कसे होणार? उत्तर आहे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर ७५, २ मीटरवर ६९, ४ वर ६३, ८ वर ५७, १६ वर ५१ आणि ३२ मीटरवर ४५. हा हिशेब ढोबळ आहे. समोर भिंत असेल तर आवाज परततो, मध्ये भरीव भिंत असेल तर अडतो. तरीही त्यातून दोन गोष्टी उघड होतात. कुंपणाला खेटून ठेवलेला "सायलेंट" जनरेटर शेजाऱ्यासाठी सायलेंट नसतो. आणि सुरुवातीचे काही मीटर अंतर वाढवण्याचा जेवढा लाभ होतो, तेवढा नंतर होत नाही. चार मीटरवरचा संच आठ मीटरवर नेणे बहुतेक आवारांत शक्य असते.

आमच्या आवाराच्या दक्षिणेस वस्ती आहे आणि ईशान्य कोपरा मोकळा आहे. तो कोपरा घरांपासून सुमारे ३२ मीटर व सभागृहापासून सुमारे १८ मीटर पडतो. वाऱ्याचा विचार आणि आवाजाचा विचार एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

येथे एक आक्षेप येतो. संच एवढा दूर नेला तर केबलमध्ये वीज वाया जाणार नाही काय? हिशेब असा आहे. १५ केव्हीएचा तीन फेज संच पूर्ण भारावर सुमारे २१ अँपिअर देतो. १० चौरस मिलीमीटरच्या ॲल्युमिनियम केबलमधून ३० मीटर अंतरात ४१५ पैकी जेमतेम ३ ते ४ व्होल्ट उतरतात. ही घट एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे प्रश्न काही मीटर केबलच्या खर्चाचा आहे, विजेचा नाही. केबल लांब नेता येते. शेजाऱ्याचे कान आणि सभागृहातील माणसाचा श्वास लांब नेता येत नाही. ही केबल आर्मर्ड असावी, जमिनीत सुमारे ७५ सेंटीमीटर खोल वाळूत टाकावी व वर विटा रचाव्यात, जेणेकरून पुढे कोणी मंडपासाठी खुंट ठोकला तरी इजा होणार नाही.

तिसरा माणूस : खांबावर चढलेला

वीज गेली की लाइनमन डीपीवरील पुरवठा तोडतो आणि खांबावर चढतो. तारा मेल्या आहेत असे तो समजतो. त्याच वेळी खाली एखाद्या इमारतीत कोणी जनरेटर सुरू करून त्याची वीज सरळ घरच्या वायरिंगमध्ये सोडतो. मेन स्विच बंद करण्याचे राहून जाते. ती वीज मीटरमधून उलट बाहेर पडते, सर्व्हिस वायरने खांबावर जाते व पुढे डीपीत पोहोचते. डीपी ११,००० व्होल्टचे सुमारे ४१५ व्होल्ट करते, हे आपणास ठाऊक आहे. परंतु तेच यंत्र उलट बाजूने वीज मिळाली तर तिचे पुन्हा हजारो व्होल्ट करते. त्याला सुलट-उलट कळत नाही. खांबावरील माणसाच्या हातातील मेलेली तार क्षणात जिवंत होते.

दोन्ही टोकांना पिन बसवलेली वायर सॉकेटमध्ये खोचून घरभर वीज फिरवण्याची युक्ती कोठेकोठे दिसते. ती युक्ती प्राणघातक आहे. ती वायर सभागृहात सापडली तर तत्क्षणी कापून टाकावी.

यावरील उपाय महाग नाही. मेन आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा. त्याची मूठ एक तर महावितरणच्या बाजूला असते, नाही तर जनरेटरच्या बाजूला. एकाच वेळी दोन्हीकडे असणे यांत्रिक रचनेनेच अशक्य असते. "मेन आठवणीने पाडा" अशी पाटी लावण्यापेक्षा विसरता येणारच नाही अशी मूठ लावणे शहाणपणाचे. हा स्विच चार पोलचा घ्यावा, म्हणजे तीन फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. आपोआप सुरू होणारे पॅनल बसवायचे असेल तर त्यातही असे परस्पर-अटकाव असल्याची खात्री करून घ्यावी. हे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व लागू नियमांची माहिती विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून आधीच घ्यावी.

अर्थिंगकडेही दुर्लक्ष नको. संचाच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि न्यूट्रलला दोन, असे चार खड्डे धरावेत. खड्ड्यात कोळसा व मीठ भरतात ते ओलावा टिकावा म्हणून. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात मुरमाड जमीन ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग नावापुरते उरते. एप्रिल-मे महिन्यांत या खड्ड्यांत नियमित पाणी घालण्याची जबाबदारी एखाद्या कार्यकर्त्याकडे नावानिशी सोपवावी.

आता यंत्राचा विचार

या तिघांची काळजी घेतल्यावर यंत्राच्या सोयीकडे वळू. त्याची पहिली गरज हवा आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. तीतून वीज बनते ती ३ ते ३.५ युनिट. उरलेली उष्णता होऊन धुरातून, रेडिएटरमधून व इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. पूर्ण भारावर १२ किलोवॅटचा संच ताशी साडेतीन ते चार लिटर डिझेल घेतो. म्हणजे तासाला पंचवीसेक युनिट उष्णता. दोन-दोन किलोवॅटच्या बारा विजेच्या शेगड्या पेटवून ठेवल्यासारखे हे झाले. बाहेर मे महिन्याचे ऊन असताना बंद खोलीत हे यंत्र कोंडले तर ते तापून बंद पडणारच.

म्हणून चार भिंतींची खोली न बांधता उंच छपराची पडवी बांधावी असे आमचे मत आहे. वस्तीच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूस भरीव विटांची भिंत, इतर बाजूंस जाळी. रेडिएटरचे तोंड पूर्वेकडे करावे, म्हणजे गरम हवा उन्हाळी वाऱ्याच्या दिशेनेच बाहेर पडेल व तीच पुन्हा आत ओढली जाणार नाही. रेडिएटरसमोर भिंत, पिंपे वा खुर्च्यांचा ढीग मुळीच नको. १५ केव्हीएचा पेटीबंद संच साधारण दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असतो. दुरुस्ती करणाऱ्यास दारे उघडून बसता यावे म्हणून चहूबाजूंनी एक मीटरहून थोडी अधिक जागा धरावी. साडेचार मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद पडवी पुरेशी होते.

दुसरी गरज पाया. खानदेशातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतले तर दोन-तीन वर्षांत ते तडकते आणि संच कलतो. काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणावे, मुरूम भरून ठोकावा, दगडी सोलिंग करावे व वर काँक्रीटचा सपाट ओटा घालावा. ओटा संचापेक्षा चारही बाजूंनी किमान १५ सेंटीमीटर मोठा असावा. यंत्राखाली रबरी गाद्या असल्याने आजच्या संचांना पूर्वीसारखा अवजड पाया लागत नाही.

तिसरी गरज उंची. ओटा आवारातील सर्वांत मोठ्या पावसाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर असावा. येथे जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीचे पाणी फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात शिरले. आणीबाणीसाठीचे बहुतेक जनरेटर तळघरांत होते, ते बुडाले. काही जनरेटर वाचले, पण त्यांची स्विचगिअर तळघरांत असल्याने तेही निरुपयोगी ठरले. सहाव्या संयंत्रासाठीचा, तुलनेने उंच जागेवरील स्वतंत्र इमारतीत असलेला हवेने थंड होणारा एक जनरेटर मात्र चालू राहिला आणि त्याच्या विजेवर पाचवे व सहावे अशी दोन संयंत्रे सावरली गेली. यंत्र तेच, फरक जागेचा. म्हणून ओट्याबरोबर चेंजओव्हर स्विच व पॅनलही उंचावर हवे. संच कोरडा आणि पॅनल पाण्यात, याचा उपयोग नाही.

चौथी गोष्ट आगीची. धुराड्याची नळी इंजिनाजवळ ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकते. नळीवर काचतंतूचे वेष्टण असावे. पडवीजवळ कडबा, पऱ्हाट्या, मंडपाचे कापड, कागदी पताका ठेवू नयेत. कार्यक्रमाच्या दिवशी जागा नाही म्हणून सजावटीचे सामान तेथेच टाकले जाते, यावर विशेष लक्ष हवे. डिझेलचा साठा २,५०० लिटरपर्यंत व एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर कायद्याने परवाना लागत नाही. तथापि आपणास एवढ्याची गरजच नाही. निम्म्या भारावर ताशी सुमारे दोन लिटर डिझेल लागते. शंभर लिटर पन्नास तास पुरते. फार दिवस साठवलेले डिझेल खराब होते, त्यात पाणी धरते व फिल्टर तुंबतात. थोडे आणावे, वापरावे, पुन्हा आणावे. इंजिन चालू असताना वा तापलेले असताना टाकी भरू नये. वाळूच्या बादल्या व कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे दाराशी असावे, आत नव्हे. डिझेलच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी मारू नये, हे प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असले पाहिजे. जाळीच्या दाराला कुलूप असावे व किल्ली दोघांकडे असावी. लहान मुलांना फिरत्या पट्ट्याचे आकर्षण असते.

बसवल्यानंतर

पडून राहिलेला जनरेटर हा न वाचलेल्या ग्रंथासारखा असतो. तो कपाटात आहे, एवढेच समाधान. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास तो भारावर चालवावा. नुसता सुरू करून बंद करू नये. दिवे, पंखे व पाण्याची मोटार त्यावर घालावी. बॅटरीची अग्रे, तेलाची पातळी, रेडिएटरचे पाणी व एअर फिल्टर पाहावा. आपल्याकडील धुळीमुळे फिल्टर लवकर भरतो. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून जाळी बारीक असावी व केबलची भोके बुजवावीत. प्रत्येक चाचणीची नोंद वहीत तारीख व तासांसह करावी. ही वही पडवीत नव्हे, कार्यालयात ठेवावी.

दिव्यांसाठी व काही पंख्यांसाठी सौर पॅनल आणि इन्व्हर्टर बसवावा अशीही एक सूचना आली आहे. ती आम्हास मान्य आहे. अभ्यासिकेचे दिवे इन्व्हर्टरवर गेले तर रोजच्या छोट्या खंडासाठी डिझेल जाळावे लागणार नाही, धूर नाही, आवाज नाही. जनरेटर मग मोठ्या कार्यक्रमासाठी, पाण्यासाठी व दीर्घ खंडासाठी राहील. दोन्ही साधने एकमेकांस पूरक आहेत. मात्र इन्व्हर्टरची जोडणीही चेंजओव्हरचा विचार करूनच व्हावी.

सारांश, जनरेटरचे घर म्हणजे उरलेली जागा नव्हे. आपल्या उजेडासाठी दुसऱ्याच्या वाट्याला धूर, गोंगाट किंवा मृत्यू येऊ नये, एवढी साधी अट त्या घराला आहे. ईशान्येचा कोपरा, उंच ओटा, मोकळी पडवी, सहा मीटरचे धुराडे, जमिनीखालील केबल आणि चार पोलचा चेंजओव्हर, असा आराखडा आम्ही कार्यकारिणीकडे देत आहोत. पायाचे खोदकाम सुरू करण्यापूर्वी तो सभासदांनी पाहावा. त्याचबरोबर दक्षिणेकडील घरांतील शेजाऱ्यांना आणि आपल्या भागातील लाइनमनलाही तो दाखवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यांनी सुचवलेला बदल कागदावर करणे सोपे असते. ओटा झाल्यावर ते सोपे राहत नाही.